तुकतुकीत सीट म्हणजे मळकी सीट

गाडी घेतली तेव्हा सीटचा रंग कोणता, असं कुणी विचारलं असतं तर मी बिनदिक्कत 'तपकिरी' म्हणून मोकळा झालो असतो. जुनी, आधी कुणीतरी भरपूर वापरलेली गाडी. मागच्या सीटच्या मधोमध हात टेकायला जो घडीचा भाग असतो, तो एकदा सहज खाली ओढला, तर त्याच्या मागच्या खोबणीत भलताच रंग दिसला. फिकट, कोरड्या वाळूसारखा. तिथे कुणाची पाठ कधी टेकलीच नव्हती. दोन्हीकडचं चामडं एकच, हे पटायला बोट फिरवून बघावं लागलं. बाहेरचं गुळगुळीत आणि किंचित मेणचट, आतलं कोरडं, मऊ आणि अजिबात न चमकणारं.

न चमकणारं, हे महत्त्वाचं. लेदरची सीट चकाकायला लागली की लोकांना वाटतं, काय छान राखलीय! खरं तर कारखान्यातून निघालेली सीट बहुतेक वेळा मॅट असते, फार तर रेशमी म्हणावी एवढीच झाक. तिला तुकतुकी येते ती घामाने, अंगाच्या तेलाने, हातापायांना लावलेल्या क्रीमने आणि या सगळ्यात रुतून बसलेल्या धुळीने. बसून-उठून, घासून-घासून आपणच तो मळ घोटत असतो. माझ्या गाडीत त्यावर आणखी कसलंसं चकाकी आणणारं पॉलिशही फासलेलं होतं. ऊन लागलं की आत गोडसर वास सुटायचा, आणि समोरच्या काचेवर आतून धुरकट थर बसायचा तो वेगळाच.

मामांना गाडी दाखवली. मामा म्हणजे चामड्याच्या वस्तू जिवापाड जपणारा माणूस. त्यांची जुनी बॅग आजही धडधाकट आहे. सीटवर हात फिरवत म्हणाले, "अरे, चामडं आहे हे. याला तेल पाजायला हवं. कोरडं पडलं की तडकणारच."

"मामा, तुमच्या बॅगेचं चामडं उघडं आहे. हे रंगवलेलं आहे."

"रंगवलेलं असलं तरी चामडंच ना?"

वाद घालण्यापेक्षा पाण्याचा थेंब बरा. सीटवर बोटाने एक थेंब सोडला. तो टपोरा उभा राहिला, नुसता थरथरत. मग मामांच्या परवानगीने तसाच एक थेंब त्यांच्या बॅगेच्या पट्ट्यावर, आतल्या बाजूने सोडला. बघता बघता थेंब पसरला, आत मुरला आणि तिथे काळपट ठिपका उमटला. (वाळल्यावर गेला. मामा तोवर माझ्याकडे बघत नव्हते.)

गाडीच्या सीटचं चामडं आणि बॅगेचं, खोगिराचं किंवा पट्ट्याचं जुन्या पद्धतीचं चामडं यांत हाच फरक. गाड्यांसाठी चामडं कमावतात ते बहुतेक क्रोमच्या क्षारांनी, नाहीतर आल्डिहाइडच्या जातीतल्या रसायनांनी. तंतू मऊ राहावेत म्हणून लागणारं तेल कारखान्यातच, फिरत्या ड्रममध्ये पाण्यात घुसळून त्याच्या पोटात मुरवलेलं असतं. त्यानंतर वर रंगाचे थर येतात आणि शेवटी एक पारदर्शक लेप, साधारणपणे पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकचा. युरोपातल्या मानकाप्रमाणे हा सगळा वरचा थर ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर त्या मालाला नुसतं 'लेदर' म्हणता येत नाही. म्हणजे आपण 'लेदर सीट साफ करतोय' असं म्हणतो तेव्हा चामड्याला आपला हात बहुधा लागतच नाही. आपण त्यावरचा रंग धूत असतो, आणि तोही कागदाच्या जाडीचा. काही महागड्या गाड्यांत अनिलीन किंवा सेमी-अनिलीन लेदर येतं. तिथे लेप नसतो किंवा अगदी पातळ असतो, आणि थेंब मुरतो. तशा सीटवर यातलं काही करायच्या आधी दहा वेळा विचार करावा. ओला फडकादेखील तिथे डाग पाडू शकतो.

रंग धुतोय हे एकदा डोक्यात बसलं की काय वापरायचं नाही, याची यादी आपोआप तयार होते. अ‍ॅसिटोन, थिनर, नेलपॉलिश काढायचा द्राव हे रंग मऊ करून उचलतात. हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर अल्कोहोलचं असतं, तेही लेपाला खातं. जादूचा म्हणून मिळणारा तो पांढरा मेलामाइनचा स्पंज तर खरं म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपर. डाग झटक्यात जातो, पण लेपाचा एक पापुद्राही सोबत जातो. अंगाचा किंवा कपड्याचा साबण अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या घरातला, आणि चामडं मुळात आम्ल बाजूचं. एकदा वापरल्याने आभाळ कोसळत नाही, पण जिथे लेप झिजलाय तिथे असा साबण आत शिरला की तंतूंचं नुकसान करतो. घामाचंही तसंच. ताजा घाम किंचित आम्ल असतो, पण साचून राहिला की जीवाणूंमुळे अल्कधर्मी होत जातो. मळ केवळ दिसायला वाईट म्हणून काढायचा नसतो, तो यासाठीही.

मी पाण्यावर आधारलेला, चामड्यासाठीचाच सौम्य क्लीनर घेतला, जो फेसाच्या रूपात वापरता येतो. मऊ केसांचा ब्रश आणि मायक्रोफायबरची पांढरी कापडं. पांढरीच हवीत. नाहीतर काय निघतंय ते कळणार कसं?

आधी व्हॅक्यूम. हा भाग कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच लोक टाळतात. बैठक आणि पाठ यांच्यामधली फट एका हाताने फाकवून धरायची आणि दुसऱ्या हाताने बारीक तोंडाची नळी आत घालायची. शिलाईच्या कडेकडेने केसाळ तोंड फिरवायचं, प्लास्टिकच्या उघड्या कडेने ओरखडे उठतात. सीट पार पुढे, मग पार मागे सरकवून रुळांतलं निघेल तेवढं काढायचं. या फटींतली वाळू राहिली आणि वर ओला ब्रश फिरवला की तीच वाळू रंगावर घासली जाते, मग क्लीनर कितीही महागाचा असो.

मग चाचणी. सीटच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या बाजूला क्लीनर लावलेलं कापड थोडा वेळ दाबून धरलं. कापडावर करडं किंवा मातकट आलं तर मळ. सीटचाच रंग आला तर वरचा लेप गेलाय, आणि तिथे घासणं थांबवायचं. माझ्याकडे करडं आलं. याच वेळी आणखी एक उलगडा झाला. सीटच्या बाजू आणि पाठीची मागची बाजू लेदरची नव्हतीच, व्हिनाइल होतं, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं प्लास्टिक. बऱ्याच 'लेदर' गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो. नीट पाहिलं तर व्हिनाइलवरचं नक्षीकाम ठरावीक अंतराने हुबेहूब तसंच परत येतं. चामड्यावर छापलेली नक्षीही असू शकते म्हणा, पण दाबल्यावर त्याला बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात, व्हिनाइल नुसतंच दबतं. धुवायला दोन्हीला तोच क्लीनर चालतो, नंतर चामड्याला लावायचं क्रीम, म्हणजे कंडिशनर, मात्र व्हिनाइलवर वाया.

खरं काम ड्रायव्हरच्या सीटवर होतं, त्यातही दाराकडच्या उंच कडेवर. गाडीत शिरताना आणि उतरताना प्रत्येक जण या कडेवरून घसरतो. पँटच्या मागच्या खिशाची बटणं, पट्टा, किल्ल्या, सगळं तिथेच घासतं. क्लीनर थेट सीटवर न मारता ब्रशवर घेतला आणि दोन वितींएवढा भाग धरून हलक्या हाताने गोल फिरवायला सुरुवात केली. नुसतं कापड चामड्याच्या पोतातल्या उंचवट्यांवरून सरकत जातं. मळ बसलेला असतो खालच्या खाचांत, तिथवर ब्रशचे केसच पोचतात. फेस आधी पांढरा, मग करडा, आणि मग त्यात तपकिरी रेषा फुटायला लागल्या. हा फेस वाळू द्यायचा नाही. वाळला की सुटलेला मळ पुन्हा जागच्या जागी बसतो. कापडाची चौघडी करून लगेच टिपून घेतला. घासला नाही, टिपला. घडीची एक बाजू एकदाच. उलटवून पाहिली तर पांढऱ्या कापडावर सीटच्या पोताचा जाळीदार ठसा उठला होता, काळपट तपकिरी.

एकदा फिरवून भागलं नाही. पुन्हा फेस, पुन्हा ब्रश, पुन्हा टिपणं. इथे जोर लावायचा मोह होतो, पण जोर नाही, फेऱ्या वाढवायच्या. हळूहळू कापडावरचा ठसा फिका होत गेला आणि शेवटी नुसता ओलावा यायला लागला. तिथे थांबलो. धुतलेला भाग आणि शेजारचा न धुतलेला भाग यांच्यामध्ये सरळ रेघ ओढल्यागत फरक दिसत होता. या टप्प्यावर काम अर्धवट सोडून जेवायला उठणंही जड जातं.

भेगांचा हिशेब इथेच लागला. या कडेवर काळ्या रेघांचं जाळं होतं आणि ते सगळे तडे असावेत असं मी धरून चाललो होतो. धुतल्यावर त्यातल्या निम्म्याहून जास्त रेघा गेल्याच. त्या सुरकुत्यांत साचलेल्या मळाच्या होत्या. उरल्या त्या खऱ्या. भिंग लावून पाहिलं तर कडा उघड्या पडलेला रंगाचा थर आणि आत किंचित तंतुमय, फिकट चामडं स्पष्ट दिसत होतं. म्हणजे तडकला होता तो रंग. चामडं खाली शाबूत होतं. मळाचे बारीक कण सुरकुतीत बसतात, सीट दर वेळी वाकते तेव्हा ते रंगाला आतून कापत राहतात. चामडं तेलाविना तडकतं ही मामांची समजूत उघड्या चामड्यापुरती बरोबर आहे. गाडीत बहुतेकदा आधी मळ आणि घर्षण येतं, कोरडेपणा नंतर.

मधला भाग बारीक छिद्रांचा आहे. तिथे फेसाचा ब्रश चालवू नये. फेस मळासकट छिद्रांत जातो आणि पांढरे ठिपके होऊन वाळतो. शिवाय खाली स्पंज असतो, काही गाड्यांत सीट गरम करायच्या तारा किंवा पंखा असतो, तिथे पाणी कशाला पोचवायचं? क्लीनरने जेमतेम ओलं केलेलं कापड घट्ट पिळून फिरवलं. जी छिद्रं आधीच बुजलेली होती ती पूर्ण वाळल्यावर व्हॅक्यूमने बरीचशी मोकळी झाली, उरलेली दात कोरायच्या लाकडी काडीने. या कामाला कंटाळा हा शब्द अपुरा आहे.

सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगची छोटी चिठ्ठी शिवलेली असेल तर तिथली शिलाई नीट पाहून ठेवा. अपघातात एअरबॅग बाहेर पडावी म्हणून ती शिलाई मुद्दाम फाटणारी केलेली असते. तिथे भिजवाभिजव नाही, डिंक नाही, सुटलेला टाका घरी शिवणं तर अजिबात नाही. शेजारच्या सीटच्या बैठकीखाली बऱ्याच गाड्यांत माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे तीही चिंब करायची नाही.

त्या शेजारच्या सीटवर निळसर छटा होती. जीन्स. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. तो सुताच्या आतपर्यंत न जाता बऱ्याच अंशी वरवर बसलेला असतो, म्हणून नवी जीन्स जिथे घासेल तिथे रंग सोडते. अंग घामाने ओलसर असलं तर अधिकच. क्लीनरने छटा बरीच उतरली, पण पूर्ण गेली नाही. जे उरलं ते लेपात मुरलेलं आहे. ते काढायचं तर लेपच काढावा लागेल. जरा निळी सीट मला टक्कल पडलेल्या सीटपेक्षा केव्हाही चालेल, म्हणून तो नाद सोडला.

सर्वांत समाधान मिळालं ते स्टीअरिंगला. सीटवर निदान कपडा मध्ये असतो, इथे थेट तळहात. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी इतका राप चढला होता की चामड्याचा पोतच दिसत नव्हता. तीच पद्धत, फक्त बटणांच्या आसपास ब्रशऐवजी कापड. धुतल्यावर स्टीअरिंग हाताला कोरडं आणि पक्कं लागतं. इथे कंडिशनर लावूच नये असं माझं ठाम मत आहे. वळणावर हात सटकायला नको.

मग वाळू देणं. दारं उघडी, गाडी सावलीत, रात्रभर. केस वाळवायचं यंत्र नको, ऊनही नको. आतले दिवे तेवढे बंद करा, नाहीतर सकाळी सीट चकाचक आणि बॅटरी झोपलेली.

आता कंडिशनर. बाटल्यांवर 'पोषण', 'खोलवर शिरून पुनरुज्जीवन' असलं बरंच काही छापलेलं असतं. कमावलेलं चामडं मेलेलं असतं, ते काही खातपीत नाही, आणि पॉलियुरेथेनचा लेप धड असेल तर आत फारसं काही शिरतही नाही. शिरतं ते शिलाईच्या भोकांतून, छिद्रांतून आणि तडकलेल्या जागांतून. बाकी पृष्ठभागावर एक पातळ थर बसतो. त्याने घर्षण कमी होतं, दोन भाग एकमेकांवर घासून होणारी कुरकुर थांबते, हाताला बरं वाटतं. एवढं पुरेसं आहे, फक्त जास्त अपेक्षा ठेवू नये. आणि मळकट सीटवर कंडिशनर लावणं म्हणजे मळाला वंगण देणं.

मी स्पंजच्या चकतीवर अगदी वाटाण्याएवढं क्रीम घेतलं, तेवढ्यात पाठीचा अर्धा भाग झाला. पातळ पसरवलं, भेगांपाशी थोडं अधिक, कारण ते खरोखर आत जाणारी जागा तीच. थोड्या वेळाने कोरड्या कापडाने सगळं पुसून काढलं. बोट टेकवून पाहायचं, ठसा राहिला तर जास्त झालं. जास्त झालेलं क्रीम धूळ धरतं, सीट निसरडी करतं आणि पुन्हा तीच तुकतुकी आणतं. स्वयंपाकघरातली तेलं तर नकोच. ती हवेने खवट होतात, आणि गाडी उन्हात तापली की तो वास घेऊन प्रवास करायचा. जनावरांच्या हाडांपासून किंवा चरबीपासून काढलेली तेलं बुटांना, खोगिराला ठीक, फिकट रंगाच्या सीटला ती काळपट आणि सैल करतात. कंडिशनर भरपूर उरलं. ती बाटली मी मामांना दिली, कारण त्यांच्या बॅगेला ते खरोखर लागतं.

फिकट सीटसाठी कंडिशनरपेक्षा मला वरून लावायचा संरक्षक लेप जास्त उपयोगी वाटला. क्लीनरनंतर, पूर्ण कोरड्या सीटवर तो लावला की जीन्सचा रंग त्यावर बसतो आणि पुढच्या वेळी लवकर सुटतो. तो झिजतो, पुन्हा लावावा लागतो. उन्हासाठी मात्र बाटलीत उपाय नाही. समोरची काच दुहेरी, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली असते, ती अतिनील किरणं बऱ्यापैकी अडवते. बाजूच्या काचा अनेक गाड्यांत तेवढ्या अडवत नाहीत, आणि उष्णता तर सगळीकडून येते. सावलीत गाडी लावणं किंवा काचेला पडदा लावणं हे कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त काम करतं.

आता आठवड्या-पंधरवड्याने ओलसर कापड फिरवतो, तेही ड्रायव्हरची सीट आणि स्टीअरिंग एवढ्यावरून. फेसाचा कार्यक्रम तारखेने नाही, चमक दिसली की. मोबाइलचा दिवा सीटच्या पृष्ठभागाला अगदी आडवा धरला की कुठे तुकतुकी यायला लागलीय ते लगेच दिसतं. पेनाची रेघ उठली तर तिथल्या तिथे, शाई ओली असतानाच टिपायची. वाळल्यावर ती लेपात उतरते आणि मग जीन्सचीच कथा.

कडेवरच्या खऱ्या भेगा अजून तशाच आहेत. त्यासाठी कडा बारीक पॉलिश पेपरने दाबून घ्यायच्या, लवचीक भराव पातळ-पातळ थरांत भरायचा, मग जुळता रंग स्पंजने ठिपकत चढवायचा आणि शेवटी मॅट लेप द्यायचा. चकाकणारा लेप दिला की दुरुस्ती लांबूनच ओळखू येते. रंग डोळ्यांनी जुळवत बसण्यापेक्षा गाडीच्या दाराच्या खांबावरची चिठ्ठी पाहावी. बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या रंगासोबत आतल्या सजावटीचाही सांकेतिक क्रमांक तिथे असतो. माझ्या गाडीत तो आहे, आणि तोच कळवून मी रंग मागवला आहे.